पिवळ्या हनुवटीचे उंदीर

भिंगरी हे नाव तिला शाळेत पडलं आणि पन्नाशी उलटली तरी सुटलं नाही. संशोधन संस्थेतल्या तिच्या खोलीवर पदव्यांसकट लांबलचक पाटी होती, पण ती वाचण्याच्या भानगडीत कुणी पडत नसे. शिपायापासून संचालकांपर्यंत सगळ्यांची ती भिंगरीताईच. नावाप्रमाणेच बाई एका जागी म्हणून ठरायची नाही. फोनवर बोलता बोलता आख्खा व्हरांडा पालथा घालायची, चहा उभ्यानेच प्यायची, आणि आनंद झाला की तो तिच्या पोटात मावत नसे, हातापायांतून बाहेर पडायचा. लग्नाच्या फंदात ती पडली नाही. आई, थोरला भाऊ आणि वहिनी यांच्याबरोबर राहायची आणि घरच्यांइतकाच जीव उंदरांना लावायची.

तर या उंदरांचं असं होतं. संस्थेच्या तळमजल्यावर एका खोलीत एक गोल टाकी होती, लहान मुलं डुंबतात तेवढी. तिच्यातलं पाणी दुधाची पावडर टाकून पांढरं केलेलं, आणि त्या पाण्याखाली बोटभर अंतरावर एक काचेचा ठोकळा लपवलेला. उंदीर पाण्यात सोडायचा. त्याला पोहणं येतं पण आवडत नाही, त्यामुळे तो उभं राहायला जागा शोधत हिंडतो. एकदा ठोकळा सापडला की दुसऱ्या दिवशी तो खोलीतल्या खुणा बघून पुन्हा तिथे जायचा प्रयत्न करतो. दरवाजा कुठे, खिडकी कुठे, भिंतीवरचं लाल वर्तुळ कुठे, यावरून त्याला जागा आठवते. म्हातारे उंदीर विसरतात आणि गोल गोल फिरत बसतात. ताई हातात स्टॉपवॉच घेऊन उभी राहायची आणि कोणाला किती वेळ लागला ते नोंदवायची. विसराळूपणावरच्या औषधांची पहिली परीक्षा ती ही अशी.

तिने अनेक औषधं तपासली आणि सगळी फुकट गेली. संशोधन म्हणजे बहुतेक वेळा हेच असतं, हे बाहेरच्यांना सांगून पटत नाही. मग एक आलं ते पिवळं. त्याला नाव नव्हतं, नुसता आकडा होता, पण रंग असा भडक की थेंब पाजला की उंदराची हनुवटी दिवसभर पिवळी राहायची. म्हणून सगळे त्याला पिवळंच म्हणू लागले. आणि काय सांगावं, पिवळ्या हनुवटीचे म्हातारे उंदीर पाण्यात पडले की नाकासमोर बघून ठोकळ्याकडे जायचे. नुसतं पाणी प्यायलेले बिचारे मात्र घिरट्या घालत बसायचे. पहिल्यांदा हे दिसलं तेव्हा ताई स्टॉपवॉचसकट जिना चढून संचालकांच्या खोलीत घुसली होती, आणि तिच्या ओल्या चपलांचे ठसे नव्या गालिच्यावर उमटले तरी एरवी रागावणारे संचालक त्या दिवशी रागावले नाहीत.

तिच्या आनंदाला दुसरंही एक कारण होतं आणि ते घरात शिलाई मशीनजवळ बसलेलं असायचं. आई आयुष्यभर लहान मुलांचे कपडे शिवत आली होती. नुसत्या नजरेने माप घ्यायची अशी तिची ख्याती. हल्ली ती एकच कापड मोजायची, बाजूला ठेवायची आणि पुन्हा मोजायला घ्यायची. नातवंडांची नावं उलटसुलट व्हायला लागली होती. एकदा तर ती कोपऱ्यावरच्या दुकानातून परतताना दुसऱ्याच जिन्याने चढून शेजारच्या इमारतीत गेली आणि तिथल्या बाईला म्हणाली, तुम्ही माझ्या घरात काय करताय? ती बाई समजूतदार होती म्हणून निभावलं. दादा, म्हणजे थोरला भाऊ, त्या दिवसापासून रोज ताईला एकच विचारायचा, की पिवळं माणसांना कधी मिळणार.

मिळणार होतं. संचालकांनी माणसांवरच्या चाचणीची तयारी सुरू केली होती. पहिल्या तुकडीत घ्यायच्या लोकांत आईचं नाव होतं, आणि सामील होणाऱ्यांनी वाचून सही करायच्या माहितीपत्रकात एक वाक्य होतं: प्राण्यांमध्ये स्मरणशक्ती स्पष्टपणे सुधारल्याचे आढळले आहे. ते वाक्य ताईने स्वतः लिहिलं होतं. दादाने ते इतक्यांदा वाचलं होतं की त्याला पाठ झालं होतं, आणि त्याने ते सगळ्या नातेवाइकांना फोन करून ऐकवलंही होतं.

आता नियम असा, की माणसांना औषध द्यायच्या आधी प्रयोग दुसऱ्या कुणीतरी, दुसऱ्या गावात, तसाच्या तसा करून बघायचा. ताईने आपली सगळी कृती, आकडे, औषधाच्या बाटल्या बिनदिक्कत पाठवून दिल्या. ज्या माणसाकडे ते गेलं त्याला या धंद्यातले लोक शंकासुर म्हणायचे. दुसऱ्यांचे प्रयोग पुन्हा करून बघणं हेच त्याचं काम. लग्नात जेवायला बसला तर मीठ खरंच मीठ आहे का विचारेल, असा माणूस, असं संचालक म्हणायचे. त्याने दोन ओळींचं उत्तर पाठवलं. प्रयोग केला. फरक दिसला नाही.

ताईचं डोकं फिरलं. तिने आधी त्याच्या उंदरांना मठ्ठ ठरवलं, मग त्याच्या पाण्याला, मग त्याला स्वतःला. जेवताना दादाला म्हणाली की त्या माणसाला टाकीत सोडलं तर ठोकळा सापडायचा नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तिने त्याला फोन लावला आणि भांडणाऐवजी आमंत्रण दिलं. या आणि माझ्या टाकीवर, माझ्यासमोर करून बघा. तो लगेच हो म्हणाला, तेव्हा तीच जरा गडबडली.

शंकासुर आला तो एक लहानशी पिशवी घेऊन. ठेंगणा, टकलू, मऊ आवाजाचा. ताईने मनात जो राक्षस उभा केला होता त्याच्याशी याचं काडीचं साम्य नव्हतं. त्याने स्टूल ओढून घेतलं आणि म्हणाला की तुम्ही रोज करता तसंच करा, मी नाहीच असं समजा. ताईने केलं. पिवळ्या हनुवटीचे सरळ ठोकळ्यावर. बाकीचे गोल गोल. शंकासुराने डोळे बारीक करून सगळं पाहिलं, दोनदा करायला लावलं आणि टकलावरून हात फिरवत कबूल केलं की चूक काही दिसत नाही. ताईला आकाश ठेंगणं झालं. संचालकांनी तर लगेच चहा मागवला.

मग तो म्हणाला, आता मी करतो. टाकी तीच, पाणी तेच, उंदीर तेच. फक्त स्टॉपवॉच त्याच्या हातात, आणि ताई बाहेर व्हरांड्यात, कारण तिच्या येरझाऱ्यांनी त्याचं लक्ष विचलित होत होतं. आणि पिवळे उंदीर इतरांसारखेच गोल गोल फिरू लागले. ताईने पुन्हा केलं तर पुन्हा सरळ. त्याने केलं की गोल.  खरं तर इथे एखाद्याने डोक्याला हात लावला असता, पण या दोघांच्या चेहऱ्यावर एकदम तेज चढलं. कोडं इतकं स्वच्छ पडलं होतं की जेवायला जायचंही कुणाच्या लक्षात आलं नाही.

"बदललं काय?" शंकासुर म्हणाला. "फक्त माणूस. म्हणजे औषध तुमच्यात आहे बाई, बाटलीत नाही."

तो हे गमतीने बोलला होता. पुढचे काही दिवस त्या खोलीत जो धिंगाणा चालला तो बघायला वरच्या मजल्यावरची माणसं कारणं काढून खाली यायची. उंदीर धरायची पद्धत वेगळी असेल म्हणून शंकासुर ताईसारखा उंदीर धरायला शिकला. फरक नाही. वास असेल म्हणून तो ताईच्या साबणाने आंघोळ करून आला, आणि दिवसभर त्याच्या अंगाला मोगऱ्याचा घमघमाट सुटला होता. उंदरांना त्याचं काही वाटलं नाही, शिपायाला मात्र फार वाटलं. मग ताईने त्याचा कोट घातला, मग त्याने तिचा ॲप्रन. काही केल्या ताळा जुळेना. ताईला रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या नवी कल्पना सुचायची आणि सकाळी ती दात घासता घासताच त्याला फोन करायची. इतकी मजा तिला कित्येक वर्षांत आली नव्हती, हे ती वहिनीला स्वतःच म्हणाली.

शेवटी हातांची हालचाल नीट बघावी म्हणून इलेक्ट्रिशियनला बोलावून छताला कॅमेरा बसवला. दोघांनी वर ताईच्या खोलीत संगणकावर चित्रफीत लावली. ताईचा हात येतो, उंदीर पाण्यात जातो, हात बाहेर जातो. पुन्हा तेच. शंकासुर हाताकडे बघत होता. ताईही हाताकडेच बघत होती, पण बघता बघता तिची नजर चित्राच्या कडेला गेली. तिथे एक काळा गोळा दिसत होता. केसांचा. तिच्याच डोक्याचा, वरून.

साध्या उंदराच्या वेळी तो गोळा दरवाज्याजवळ असायचा आणि तिथेच डुलायचा. पिवळ्या हनुवटीचा उंदीर पाण्यात पडला की तो टाकीच्या कडेकडेने सरकायचा, बरोबर ठोकळ्याच्या बाजूला येऊन थांबायचा आणि पुढे वाकायचा. दर वेळी. उंदीर मान वर करायचा, गोळा बघायचा आणि तिकडे पोहायला लागायचा.

ताई खुर्चीतून उठली. "थांबवा," ती म्हणाली, आणि मग, "नाही, थांबवू नका. परत लावा."

परत लावलं. परत तेच. हनुवटी पिवळी दिसली की हिला कळायचं हा आपला, आणि आशेने पाय आपोआप तिकडे निघायचे. चल बाळा, चल, असं मनात म्हणत ती ठोकळ्याच्या बाजूला जाऊन ओणवी व्हायची, आणि आपण असं करतो हे तिला स्वप्नातसुद्धा माहीत नव्हतं. टाकीभोवती खरं तर पडदा असायला हवा. प्रत्येक पुस्तकात तसं लिहिलेलं आहे. या खोलीतला पडदा उन्हाळ्यात घुसमट होते म्हणून एकदा काढला, धुवायला दिला, आणि धुऊन आल्यावर घडी करून कपाटात ठेवला तो तिथेच राहिला. उंदरांच्या दृष्टीने दरवाजा, खिडकी, लाल वर्तुळ ही सगळी दूरची भानगड होती. त्यांना याहून फार सोपी खूण मिळाली होती. जिथे बाई वाकते तिथे ठोकळा.

"चला खाली," ताई म्हणाली आणि शंकासुराच्या आधी जिना उतरली. तिने एक पिवळ्या हनुवटीचा उंदीर पाण्यात सोडला आणि मुद्दाम टाकीच्या चुकीच्या बाजूला जाऊन वाकली. उंदीर सरळ चुकीच्या बाजूला आला आणि तिथे ठोकळा नाही म्हटल्यावर तिच्याकडे असं बघू लागला, की जणू तिने त्याला विश्वासघाताने बुडवायला आणलं आहे. मग तिने औषधाचा थेंबही न घेतलेले उंदीर घेतले आणि दर वेळी ठोकळ्याच्या बाजूला वाकत गेली. थोड्याच फेऱ्यांत तेही शहाणे झाले. म्हातारे, विसराळू, बिनऔषधाचे उंदीर नाकासमोर पोहत ठोकळ्यावर येऊन बसले. ताईने आरोळी ठोकली. शंकासुराने, ज्याला कुणी कधी हसताना पाहिलं नव्हतं, टाकीच्या कडेवर थाप मारली आणि पांढरं पाणी दोघांच्या अंगावर उडालं. तो म्हणत होता की माझ्या उभ्या जन्मात असलं स्वच्छ काही पाहिलं नाही, आणि ताई टाळ्या पिटत होती.

आणि टाळ्या पिटता पिटताच तिचे हात थांबले. पिवळ्यात काही नव्हतं तर मग आईचं काय?

हा प्रश्न तिला इतक्या उशिरा पडला याची तिला स्वतःचीच चीड आली. ती तशीच ओल्या कपड्यांनी स्टुलावर बसली. शंकासुर हळूच म्हणाला की अजून तसं म्हणता येत नाही. आतापर्यंत आपण एवढंच दाखवलं की तुमचा प्रयोग चुकला होता. औषध चालत नाही हे अजून कुठे दाखवलंय? तुमच्या आईला घेण्यासारखं त्यात काही आहे का, ते आता नीट बघू. ताईने मान हलवली. तिच्या पायांना परत चाळा सुरू झाला तेव्हा शंकासुराला बरं वाटलं.

संचालकांना हे सांगणं हा मात्र वेगळाच प्रयोग होता. ते मुळात वाईट माणूस नव्हते, पण त्यांनी वर्तमानपत्रांना आधीच फोन केले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चित्रफीत बघितली, खिडकी उघडली, पुन्हा बंद केली. मग म्हणाले की प्रयोग पुन्हा करायला हरकत नाही, पण गाजावाजा नको. चाचणी थोडी पुढे ढकलू, काहीतरी तांत्रिक कारण देऊ. बाकी ही चित्रफीत कपाटात जाऊ दे.

"झाकली मूठ सव्वा लाखाची असते, ताई."

"सर, या मुठीत माझी आई आहे," ताई म्हणाली. "आणि आणखी कितीतरी जणांच्या आया आहेत. मूठ उघडूनच बघू."

तिने तीन गोष्टी मागितल्या. काय झालं तर औषध लागू पडलं म्हणायचं आणि काय झालं तर नाही, हे प्रयोगाच्या आधीच लिहून सगळ्यांना दिसेल असं लावायचं, म्हणजे मागाहून कुणाला शब्द फिरवता यायला नको. आपणा कुणालाही कोणता उंदीर कोणता हे कळू द्यायचं नाही. आणि निकाल उघडायचा तो ज्यांना हे औषध घ्यायचं आहे त्यांच्या आणि त्यांच्या घरच्यांच्या समोर. तिसऱ्या मागणीला संचालक खुर्चीतून अर्धे उठले. वाद बराच वेळ चालला. शेवटी ते म्हणाले, करा, पण मी पहिल्या रांगेत बसणार नाही.

पडदा कपाटातून निघाला आणि टाकीभोवती लागला. पिवळ्या हनुवटीचा प्रश्न वहिनीने सोडवला. ती केक करायची, तिच्याकडे खायच्या रंगाची पिवळी बाटली होती, तीच साध्या पाण्यात टाकली आणि सगळ्याच उंदरांच्या हनुवट्या पिवळ्या झाल्या. औषध कोणत्या पिंजऱ्याला आणि नुसता रंग कोणत्या, हे शंकासुराने चिठ्ठ्या टाकून ठरवलं आणि पिंजऱ्यांवर फक्त अ आणि ब लिहून तो आपल्या गावी निघून गेला. ताईने निकालाचं आधीच लिहिलेलं पान प्रवेशद्वाराजवळ चिकटवलं. दादा तिला सोडायला यायचा तेव्हा तिथे थांबून ते वाचायचा.  त्याला वाटत होतं की बहीण हातातला घास घालवते आहे, आणि एकदा तो तसं म्हणालाही. आईला रोज थोडं थोडं कमी आठवतंय आणि तू पडदे लावत बसलीस, असं म्हणाला. ताईलाही रात्री तेच वाटायचं.

प्रयोग सुरू झाला तसं सगळं बदललं. ताई पडद्याआड खुर्चीला चिकटून बसायची, मांडीवर हात दाबून, आणि फक्त छतावरच्या कॅमेऱ्याचं चित्र बघायची. तिला एवढंच दिसायचं की काही उंदीर लवकर पोचतात, काही उशिरा. हा आपला की तो, हे कळायला मार्ग नव्हता. सुरुवातीला तिला वेड लागायची पाळी आली. मग हळूहळू तिला एक विचित्र मोकळेपणा वाटू लागला. कुणासाठी जीव टांगणीला लावायचा हेच ठाऊक नसल्यामुळे ती पहिल्यांदाच उंदरांकडे नुसतं बघत होती, आणि तिला त्यांच्या कितीतरी नव्या लकबी दिसल्या. एक तर भिंतीला टेकून विश्रांती घ्यायचा. एवढ्या वर्षांत तिने ते पाहिलंच नव्हतं.

निकालाच्या दिवशी संस्थेचं सभागृह भरलं. म्हातारी माणसं, त्यांचे हात धरलेल्या मुली, सुना, नवरे. दादा आईला घेऊन पुढेच बसला होता. आई चांगली साडी नेसली होती आणि ती शेजारणीच्या नातवाच्या सदऱ्याची शिवण बोटांनी तपासत होती. संचालक सगळ्यांत मागे दाराजवळ होते. ताईने आधी ते दारावरचं पान मोठ्याने वाचून दाखवलं. अ आणि ब यांच्या वेळेत एवढा फरक पडला तर आपण पुढे जाऊ. नाही पडला तर हे औषध तुम्हाला देणार नाही.  निकालासाठी परत आलेल्या शंकासुराने बटण दाबलं आणि भिंतीवर वेळेच्या दोन रेषा उमटल्या, एक निळी आणि एक तांबडी. दोन्ही सुरुवातीला वर होत्या, मग दिवसागणिक खाली येत गेल्या, आणि अगदी शेवटपर्यंत एकीवर एक. एका वेणीचे दोन पेड असावेत तशा.

शंकासुर माइकजवळ आला आणि त्याच्या मऊ आवाजात म्हणाला, "अ कोण आणि ब कोण हे सांगायला मी आलो होतो. आता ते सांगायची गरज उरली नाही."

काही क्षण कुणाला समजलं नाही. मग मागून एका मुलीने विचारलं की म्हणजे औषध नाही का. ताईने माइक घेतला. उत्तर वाईट होतं, पण लख्ख होतं. "हे नाही," ती म्हणाली. "तुम्हाला दिलेल्या कागदावर गुण आढळला असं मी लिहिलं होतं. ते चूक होतं. कसं चूक होतं ते दाखवते." आणि तिने चित्रफीत लावली. स्वतःचं डोकं कुठे आहे ते बोटाने दाखवलं. तिसऱ्या उंदराच्या वेळी एक म्हातारे गृहस्थ हसले. मग त्यांची सून. मग तो काळा गोळा टाकीच्या कडेने सरकायला लागला की आख्खं सभागृह आधीच हसायला लागायचं. त्या हसण्यात रडणंही होतं, काही जणी डोळे पुसत होत्या, पण उठून कुणी गेलं नाही. दारातून बाहेर पडताना एका बाईने ताईचा हात धरला आणि पुढच्या औषधाच्या वेळीही आम्हाला बोलवा, एवढंच म्हणाली. संचालक सगळ्यांच्या शेवटी आले. त्यांनी वर्तमानपत्रवाल्यांना ही चित्रफीत स्वतःच पाठवायचं ठरवलं होतं.

ताईने सगळे आकडे, चित्रफीत आणि पडद्याची घडीसुद्धा फोटो काढून इंटरनेटवर टाकली. लांब लांबच्या प्रयोगशाळांतून लोकांनी कळवलं की आम्हीही गरम होतं म्हणून पडदा काढला होता, आता परत लावतो. शंकासुराने तिला फोनवर सांगितलं की लोक आता त्याच्याऐवजी तिच्या नावाने घाबरायला लागले आहेत. ती खूश झाली.

पण त्या निकालाच्या दिवशी घरी परतताना दादा गाडीत एकच वाक्य बोलला होता. आई मागच्या सीटवर डोळे मिटून होती. आईने विचारलं तर औषध मिळणार आहे असं सांग, तिच्या काय लक्षात राहणार आहे, असं तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता.

संध्याकाळी आईने विचारलंच. सभागृह, रेषा, हसणं, यातलं तिच्याजवळ काही उरलं नव्हतं. तुझ्या त्या उंदरांच्या औषधाचं काय झालं गं? दादाने दारातून ताईकडे पाहिलं. ताईने आईसमोर स्टूल ओढलं आणि पहिल्यापासून सांगायला लागली. टाकी, पिवळ्या हनुवट्या, मोगऱ्याचा वास येणारा शंकासुर. मी अशी वाकायचे, असं म्हणून ती उठून वाकून दाखवायला लागली तशी आई हसायला लागली. हसता हसता तिचा चष्मा घसरला. म्हणजे उंदीर तुलाच बघून यायचे होय? मग जरा वेळाने चष्मा पुसत म्हणाली, "बरं झालं बाई, मला द्यायच्या आधी कळलं."

दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा विचारलं. ताईने पुन्हा सांगितलं. आई त्याच जागी हसली, आणि शेवटी तेच म्हणाली. तिसऱ्या दिवशीही. दादा आतल्या खोलीत असायचा, बहुधा ऐकत असायचा.

एकदा ताईला यायला उशीर झाला. दार लोटलेलंच होतं. आतून दादाचा आवाज येत होता, आणि तो टाकीबद्दल बोलत होता. ती उंबऱ्यातच थांबली. दादा, जो लग्नातसुद्धा नाचला नव्हता, खोलीच्या मध्यभागी उभा होता आणि टेबलाच्या कडेकडेने सरकत जाऊन ओणवा होत होता. आई खुर्चीत हसत होती, त्याच जागी, तशीच, चष्मा नाकावर घसरलेला. दादा वाकलेलाच राहिला आणि वाट बघू लागला. आईने चष्मा काढला, पदराने पुसला.

"बरं झालं रे," ती म्हणाली, "मला द्यायच्या आधी कळलं."

दादाने मान वर केली तेव्हा त्याला दारात ताई दिसली. त्याचे डोळे भरून आले होते.

"मीही प्रयोग करून बघितला. माझ्याही हातून उत्तर तेच आलं," तो म्हणाला.